जुन्या पिकअपला हवा हवी, धूळ नव्हे

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ. कोलारचा टोमॅटो आणणारी जुनी डिझेल पिकअप दमू लागली, की पेटीविना बसणारा उघडा एअर फिल्टर लावण्याचा सल्ला मिळतो. आमच्या मते तो टाळावा. विरळ हवेची उणीव टर्बोचार्जर बरीचशी भरून काढतो. उघडा फिल्टर मात्र बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि त्यातून निसटलेली बारीक धूळ टर्बोची पाती व पिस्टनच्या रिंगा झिजविते. त्याऐवजी मूळ मापाचा कागदी फिल्टर, अभंग रबरी नळ्या व घट्ट क्लिपा यांवर खर्च करावा. काळा धूर दिसल्यास टर्बोपुढील नळीची गळती प्रथम तपासावी. क्षणिक जोरापेक्षा इंजिनाचे आयुष्य शेतकऱ्यास अधिक मोलाचे आहे.