अंडा सेलमधले मन

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. वसाहतीचा वारसा पुसण्याच्या घोषणेसह आलेल्या या संहितेने एकांतकोठडी मात्र जपून ठेवली. कलम ११ नुसार सक्तमजुरीच्या कैद्याला एकूण तीन महिन्यांपर्यंत एकांतात ठेवता येते. एका वेळी चौदा दिवसांहून अधिक नाही, असे कलम १२ सांगते. ब्रिटिशांच्या दंड संहितेतही हेच होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बात्रा खटल्यात तुरुंग प्रशासनाला परस्पर ही शिक्षा देण्यास मनाई केली. तरीही तुरुंगांत एकट्याने कोंडण्याच्या अतिसुरक्षित कोठड्या, म्हणजे अंडा सेल, आणि फाशीच्या कैद्यांसाठीचे फाशी यार्ड आहेतच. ‘सुरक्षे’चे कारण दिले की तोच एकटेपणा वेगळ्या नावाने लादता येतो. बोलायला माणूस नसला की झोप उडते, भास होऊ लागतात, जीव नकोसा होतो. आधीच आजारी असलेला कैदी तर पार कोलमडतो. त्याच्या आरडाओरड्याला आपण बेशिस्त म्हणतो आणि पुन्हा कोंडतो. हा शुद्ध छळ आहे.

महाराष्ट्रातील एका कैद्याची फाशी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गंभीर मनोविकारामुळे रद्द करून जन्मठेपेत बदलली. असा आजार न्यायालयापर्यंत पोहोचायला वर्षे का लागावीत? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मानसोपचार केंद्र बंधनकारक करतो. एक पुरेसे नाही. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात पूर्णवेळ मानसोपचारतज्ज्ञ नेमा, आणि त्याच्या तपासणीशिवाय कोणालाही एकटे कोंडू नका.