लिनक्सची वितरणे: उभारणारे आणि सांभाळणारे

१/ लिनक्सचा इतिहास बहुधा एकाच वाक्यात सांगितला जातो: १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक कर्नल लिहिला आणि संगणकाचे जग बदलले. हे वाक्य खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्यात कर्नल लिहिणारा दिसतो, तो कर्नल लोकांच्या संगणकापर्यंत पोहोचवणारे आणि तीस वर्षे सांभाळणारे दिसत नाहीत. हा थ्रेड त्यांच्याविषयी आहे.

२/ प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कर्नल हा प्रणालीचा गाभा: स्मृती, प्रक्रिया आणि यंत्रसामग्री यांचा कारभार तो पाहतो. पण नुसत्या कर्नलवर पत्र लिहिता येत नाही की फाइल उघडता येत नाही. त्यासाठी शेल, कंपायलर, संपादक अशी असंख्य साधने लागतात. त्यांतील बरीच साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. हे सारे निवडून, जुळवून, एकत्र बांधून दिले की त्याला ‘वितरण’ म्हणतात. बोलीभाषेत ‘डिस्ट्रो’.

३/ वितरणे शक्य झाली ती परवान्यातील एका बदलामुळे. आरंभी टोरवाल्ड्स यांच्या परवान्यात लिनक्सच्या प्रती पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ च्या आरंभी त्यांनी ग्नूचा सार्वजनिक परवाना, म्हणजे जीपीएल, स्वीकारला. आता फ्लॉपीचे व श्रमाचे मोल घेऊन कोणीही लिनक्स वाटू शकत होता. अट एकच: घेणाऱ्याला मूळ संहिता आणि तेच हक्क मिळाले पाहिजेत. कर्नलच्या जन्माइतकाच हा निर्णय महत्त्वाचा मानला पाहिजे.

४/ फेब्रुवारी १९९२ मध्ये मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरमधून ओवेन ल ब्लांक यांनी एक छोटा संच प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पीटर मॅकडॉनल्ड यांचे ‘एसएलएस’ आले. नेटवर्क आणि खिडक्यांची दृश्यप्रणाली यांसह जवळजवळ सगळे काही त्यात होते, म्हणून ते झपाट्याने पसरले. मात्र त्यात दोषही पुष्कळ होते, आणि ते दुरुस्त होण्याची गती मंद होती.

५/ या असंतोषातून १९९३ च्या उन्हाळ्यात दोन वितरणे जन्मली. पहिले स्लॅकवेअर. अमेरिकेतील मूरहेड येथील पॅट्रिक व्होल्कर्डिंग या विद्यार्थ्याच्या प्राध्यापकांना लिस्प भाषा चालणारा संगणक हवा होता. त्यासाठी त्याने एसएलएस बसवले, दोष आढळले तसे काढले, आणि जुलै १९९३ मध्ये आपली सुधारित आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. म्हणजे ‘स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवलेले वितरण’ हा प्रकार लिनक्सच्या दुसऱ्याच वर्षापासूनचा आहे.

६/ दुसरे डेबियन. १६ ऑगस्ट १९९३ रोजी पर्ड्यू विद्यापीठातील वीस वर्षांच्या इयन मर्डॉक याने त्याची घोषणा केली. डेब्रा ही त्याची तेव्हाची मैत्रीण, आणि इयन हे त्याचे स्वतःचे नाव. दोन्ही मिळून डेबियन. व्होल्कर्डिंगने एसएलएस दुरुस्त केले. मर्डॉकने नव्याने आरंभ करण्याचे ठरवले, आणि तेही एकट्याने नव्हे, तर उघडपणे, अनेकांच्या सहभागाने.

७/ १९९४ च्या आरंभी मर्डॉकने एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याचा मुद्दा आजही ताजा आहे. वितरणे लोकांना अत्यंत गरजेची असतात, पण ती तयार करणे आणि सतत सांभाळणे हे कष्टाचे व बिनबोभाट काम आहे. आरंभी चांगली असलेली वितरणे कालांतराने हेळसांडीमुळे बिघडतात, हे त्याने अचूक ओळखले होते. वीस वर्षांच्या तरुणाने नवनिर्मितीपेक्षा देखभालीला अधिक मान द्यावा, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

८/ डेबियनने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे पॅकेज आणि त्याचा पालक. प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतंत्र पॅकेजमध्ये बांधायचे. त्याला कोणती अन्य पॅकेजे लागतात ते त्यातच नोंदवायचे. आणि प्रत्येक पॅकेजची जबाबदारी कोणा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीने घ्यायची. जून १९९६ मधील डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. जून २०२३ मधील डेबियन १२ मध्ये ही संख्या ६४,००० च्या पुढे गेली. हा विस्तार कोणा एका प्रतिभावंताला पेलला नसता.

९/ मर्डॉक १९९६ मध्येच नेतृत्वातून बाजूला झाला आणि २०१५ च्या डिसेंबरात त्याचे निधन झाले. डेबियन थांबले नाही. २०१७ ची नववी आवृत्ती त्याच्या स्मृतीस अर्पण करून ते पुढे गेले. एसएलएस मात्र केव्हाच लोपले. स्लॅकवेअर आजही आहे. २०२२ मध्ये त्याची १५.० ही आवृत्ती आली, आणि तिच्यामागे तेच व्होल्कर्डिंग उभे होते. टिकण्याचे मार्ग दोन दिसतात: एकाची अखंड निष्ठा, किंवा अनेकांची बांधलेली शिस्त. तिसरा मार्ग या इतिहासात सापडत नाही.

१०/ शिस्तीतून विचारही जन्मतो. वितरणात काय घ्यायचे आणि काय नाही, हे ठरवताना डेबियनला ‘मुक्त सॉफ्टवेअर’ची कसोटी लिहून काढावी लागली. ब्रूस पेरेन्स यांच्या पुढाकाराने जुलै १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ संमत झाला. पुढच्याच वर्षी क्रिस्टिन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला, तेव्हा त्याची अधिकृत व्याख्या डेबियनच्या याच कसोटीवरून बेतली गेली. आज जगभर वापरली जाणारी व्याख्या अशी एका वितरणाच्या कोठाराची यादी करताना तयार झाली आहे.

११/ पुढची पायरी म्हणजे वितरणावरून वितरण. २००० साली जर्मनीतील क्लाउस क्नोपर यांनी डेबियनच्या आधारे क्नॉपिक्स घडवले. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर सुमारे २ गिगाबाइटचे साहित्य दाबून बसवलेले, आणि हार्ड डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून चालणारे! २००४ च्या ऑक्टोबरात मार्क शटलवर्थ यांच्या पाठबळावर उबुंटू आले, तेही डेबियनवरूनच. त्याच्या सीडी मागणाऱ्याला पोस्टाने विनामूल्य पाठवल्या जात.

१२/ आज स्वतःचे वितरण तयार करणे अवघड राहिलेले नाही. पायाभूत वितरण निवडायचे, हव्या त्या पॅकेजांची यादी करायची, डेस्कटॉप, भाषा, फॉन्ट, कळफलक ठरवायचे आणि बसवण्याजोगी प्रतिमा तयार करायची. ज्याला मुळापासून शिकायचे आहे त्याच्यासाठी १९९९ पासून जेरार्ड बीकमन्स यांचा ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा ग्रंथरूप प्रकल्प आहे. त्यात प्रत्येक घटक स्वतःच्या हाताने संकलित करावा लागतो. विद्यार्थ्यासाठी याहून उत्तम शाळा नाही.

१३/ परंतु शिकण्यासाठी वितरण करणे वेगळे आणि दुसऱ्यांनी वापरावे म्हणून करणे वेगळे. दुसऱ्याने ते बसवले की त्या क्षणापासून त्याच्या सुरक्षेची जबाबदारी करणाऱ्यावर येते. कर्नलमध्ये भोक सापडले तर दुरुस्ती किती दिवसांत पोहोचणार? पॅकेजांवर स्वाक्षरी कोणाची? करणारा नोकरीला लागला, कंटाळला, तर पुढे कोण? या प्रश्नांची उत्तरे नसताना वितरण प्रसिद्ध करणे म्हणजे विहीर खणून कठडा न बांधणे.

१४/ बदलाचा हक्क किती जोखमीचा असतो, याचे उदाहरण खुद्द डेबियनच्या इतिहासात आहे. ओपनएसएसएल हे सांकेतिक किल्ल्या तयार करणारे सॉफ्टवेअर. २००६ मध्ये त्यातील दोन ओळींविषयी तपासणीची साधने सतत इशारे देत होती. डेबियनच्या बाजूने त्या दोन्ही ओळी निष्प्रभ करण्यात आल्या. हेतू चांगला होता. पण त्यांपैकी एका ओळीतूनच किल्ल्यांना लागणारी यादृच्छिकता येत होती.

१५/ परिणाम भयंकर होता. किल्ल्यांत फरक पाडणारी एकच गोष्ट उरली: प्रक्रियेचा क्रमांक. विशिष्ट प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी जास्तीत जास्त ३२,७६८ पर्याय. सामान्य संगणकालाही ते सारे तपासून पाहणे सहज शक्य होते. सप्टेंबर २००६ पासून सुमारे वीस महिने हा दोष कोणाच्या लक्षात आला नाही. १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला, तोवर डेबियनवरून घडलेल्या उबुंटूसारख्या वितरणांतही तो उतरला होता. जगभरच्या प्रशासकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या.

१६/ ‘संहिता खुली होती म्हणून असे झाले’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. संहिता खुली होती म्हणूनच लुसियानो बेलो या डेबियनच्याच विकासकाला दोष सापडला आणि तो लपवता आला नाही. पण ‘संहिता खुली असली की कोणीतरी पाहतेच’ हा भाबडा विश्वासही याच घटनेने मोडीत काढला. मूळ प्रकल्पाच्या चर्चेत त्या ओळींविषयी विचारणा झाली होती आणि तिला विरोध झाला नव्हता. मात्र प्रत्यक्ष बदल मूळ प्रकल्पाकडे रीतसर तपासणीसाठी गेला नाही. तो आपल्याच कोठारात राहिला. खरा धडा हा आहे.

१७/ जो बदल मूळ प्रवाहात परत जात नाही, तो ओझे होऊन बसतो. प्रत्येक नव्या आवृत्तीला तो पुन्हा जोडावा लागतो, पुन्हा तपासावा लागतो, आणि तो का केला हे जाणणारा एके दिवशी निघून जातो. सर्वांत शहाणे वितरण ते, ज्याचे स्वतःचे असे बदल कमीत कमी असतात. स्वतंत्र नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे विधान रुचणार नाही, पण इतिहासाचा कौल तोच आहे.

१८/ म्युनिकचे उदाहरण पाहावे. २००३ मध्ये त्या नगरपरिषदेने विंडोज सोडण्याचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले, तरी निर्णय बदलला नाही. ‘लायमक्स’ हे खास वितरण सुमारे १५,००० संगणकांवर पोहोचले. २०१७ मध्ये मात्र राजकीय वारे फिरले आणि परिषदेने परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. वितरण संपले. पण कार्यालयीन पत्रांचे नमुने सांभाळणारे ‘वोलमक्स’ हे साधन नगराने आधीच मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले होते. जे सर्वांना दिले होते, ते ठरावाने परत घेता आले नाही.

१९/ भारतात केरळने वेगळी वाट धरली. तेथील आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने सरकारी शाळांसाठी आधी डेबियनवर आणि नंतर उबुंटूवर आधारित वितरण घडवले. पण त्याचे बळ त्या सीडीत नव्हते. प्रशिक्षित केलेल्या शिक्षकांत होते. संगणक बंद पडला तर विचारायला माणूस होता. जोडीला ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’चे स्वयंसेवक मल्याळम फॉन्ट आणि भाषांतरे मूळ प्रकल्पांत पोहोचवत होते. सी-डॅकने २००७ पासून ‘बॉस’ हे डेबियनवर आधारित भारतीय वितरण दिले. त्याचेही मोजमाप नावावरून न होता याच कसोटीवर झाले पाहिजे.

२०/ मराठीपुरते सांगायचे तर पुण्याचा या इतिहासात वाटा आहे. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी लोहित ही भारतीय लिप्यांची फॉन्टमालिका सांभाळली. देवनागरी म्हणजे हिंदी नव्हे, हे अशा कामात प्रत्यक्ष उतरते: मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे निराळी, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला भेद दाखवणारा अर्धा ‘ऱ’ नीट दिसला नाही तर अर्थच बदलतो. ‘मराठी लिनक्स’ नावाचे दहा संच काढण्यापेक्षा असा एक दोष मूळ ठिकाणी सुधारणे अधिक मोलाचे, कारण तो मग प्रत्येक वितरणात सुधारतो.

२१/ इतिहास संस्थापकांची नावे जपतो. डागडुजी करणारे टिपणांत राहतात. मुक्त सॉफ्टवेअरचे वैशिष्ट्य असे की येथे त्यांचीही नोंद असते: कोणता बदल कोणी, केव्हा, कशासाठी केला, हे प्रत्येक पॅकेजच्या बदलनोंदीत वाचता येते. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी हे खुले दप्तर आहे. स्वतःचे वितरण अवश्य घडवावे. एका सुट्टीत ते जमते. त्यानंतर एखादे बेवारस पॅकेज दत्तक घ्यावे. डेबियन अशा अनाथ पॅकेजांची यादी जाहीर ठेवते, आणि ती यादी कधीच रिकामी नसते.