सव्वादोन तासांची फोड

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेवर मोजलेले असते. राजधानी एक्सप्रेसला याच दोन शहरांसाठी सुमारे १,३८५ किलोमीटर कापावे लागतात. ताशी ८०० किलोमीटर वेगाचा सरळ हिशेब केला तर विमानाला दीड तासही लागू नये, तरी वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपासचा काळ छापलेला दिसतो. प्रवासाचा कार्यक्रम आखून देणाऱ्या व्यावसायिकांनी या पाऊण तासाहून मोठ्या फरकाची फोड नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण कनेक्टिंग फ्लाइट चुकते ती बहुधा तेथेच.

वेळापत्रकातील काळाला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागचे हलते तेव्हा तो सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर विमान आपल्या जागी थांबले की संपतो. म्हणजे धावपट्टीपर्यंतची संथ चाल, रांगेतील प्रतीक्षा, आखून दिलेल्या मार्गांनी चढणे-उतरणे आणि गर्दीच्या वेळी आकाशात घातलेल्या घिरट्या हे सारे त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि दिल्लीत चार धावपट्ट्या असूनही तेथील वर्दळ देशात सर्वाधिक आहे. शिवाय ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आल्याचे मानले जात असल्याने कंपन्या थोडी सूट धरूनच वेळ छापतात. ही सूट प्रवाशाच्याही हिताची आहे. मात्र ती हाताशी शिल्लक आहे असे समजून पुढचे तिकीट काढणे धोक्याचे ठरते.

वाऱ्याचा हिशेब मार्गाच्या दिशेनुसार बदलतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वेगवान वारा, मुंबई–दिल्ली विमानाला बाजूने भेटतो, म्हणून जाण्यायेण्याच्या वेळांत फारशी तफावत पडत नाही. मुंबई–कोलकाता मार्गावर मात्र पश्चिमेचा वारा जाताना पाठीशी असतो आणि परतताना समोरून येतो, त्यामुळे परतीचा काळ लांबतो.

नवी मुंबई विमानतळामुळे या हिशेबात नवी बाब आली आहे. दोन्ही विमानतळांपासून दिल्लीचे हवाई अंतर जवळजवळ सारखेच, पण पनवेल, उरण वा पुण्याकडच्या प्रवाशाचा घरापासूनचा वेळ पुष्कळ वेगळा. म्हणून कार्यक्रमपत्रिकेवर नुसते ‘मुंबई’ लिहिणे यापुढे अपुरे आहे. विमानतळाचे पूर्ण नाव आणि टर्मिनल दोन्ही छापले पाहिजेत, विशेषतः एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असेल तेव्हा.

डिसेंबर-जानेवारीतील दिल्लीच्या धुक्यात तर ब्लॉक टाइमचा आधारच सुटतो. अशा दिवसांत पहाटेच्या विमानानंतर लगेचचे विमान वेगळ्या तिकिटावर घेऊ नये. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी साधारणतः कंपनीकडे राहते, वेगळ्या तिकिटांवर तो खर्च प्रवाशाच्या माथी येतो, आणि हे पैसे भरण्यापूर्वी त्याला सांगणे व्यावसायिकाचे काम आहे.