मुदत संपली म्हणून परिचारिकेला घराबाहेर?

मार्च 2020 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं : कोरोनाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांना घरमालक घर सोडायला लावत आहेत. 24 मार्चलाच दिल्ली सरकारने अशा मालकांवर कारवाईचे आदेश काढले. तेव्हा आदेशाने काम भागलं, मग कायदा कशाला, असं म्हणणारे आहेत. मला हे मुळीच पटत नाही.

आदेश निघतो तो सामान रस्त्यावर आल्यावर. शिवाय तो अपुरा असतो. 17 एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने लांबवा, थकबाकीपायी कोणाला काढू नका, असं मालकांना सांगितलं. पण भाडं चुकतं असून करारच संपला असेल तर? मुंबई-पुण्यात नोकरीसाठी आलेली परिचारिका बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधलं कलम 15 भाडेकरूला सांभाळतं. तिला मात्र तो कायदा भाडेकरू मानत नाही. कलम 24 प्रमाणे मुदत संपताच घर सोडायचं, नाहीतर दुप्पट दराने भरपाई. बाहेर साथ असो की महापूर. याच कायद्याच्या कलम 23 ने लष्करातल्या मालकाला स्वतःचं घर परत मिळवण्याची खास सोय दिली आहे, आणि ती योग्यच आहे. मग संकटात राबणाऱ्या भाडेकरूचा विचार का नको?

‘एकदा संरक्षण दिलं की माणूस हलत नाही’ हा आक्षेप खोटा नाही. गोठवलेल्या भाड्यांनी मुंबईतल्या जुन्या चाळींची दुरुस्ती कशी खोळंबली, ते आपण पाहिलं आहे. म्हणूनच मुदत हवी. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आपत्ती ओसरल्यावर एक महिना राहू देण्याची तरतूद आहे. पण त्या आपत्तींच्या यादीत युद्ध, पूर, आग, भूकंप आहेत. साथीचं नाव नाही. आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो नुसता नमुना.

महाराष्ट्राने कलम 24 लाच अपवाद जोडावा : जाहीर आपत्तीत रुग्णालय, अग्निशमन, सफाई, वीज यांत काम करणारे आणि आपत्तीत जखमी वा बेरोजगार झालेले, यांना ती ओसरल्यावर तीन महिने जुन्याच दराने राहता यावं. थकलेलं भाडं सरकारने मालकाला द्यावं. निवृत्तीनंतर भाड्यावरच जगणाऱ्या वृद्ध मालकाच्या खिशातून ही सेवा उभी करणं हाही अन्यायच.