नववीतलं मूल एकटं पडू नये म्हणून

"डबा विसरलो." "सहलीला जायला मला नाही आवडत." "वाढदिवसाला आम्ही गावीच असतो."

नववी-दहावीच्या कुठल्याही वर्गात ही वाक्यं कानावर पडतात. ऐकणारे विसरून जातात. बोलणाऱ्याला मात्र काल कोणती थाप मारली होती, ते लक्षात ठेवावं लागतं. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत वाढप्याचं काम केलेला मुलगा सकाळी "पाहुणे आले होते" म्हणून जांभई देतो. आपली वस्ती कळू नये म्हणून एखादी मुलगी मैत्रिणींदेखत एक स्टॉप आधीच उतरते आणि पुढे चालत जाते.

ही मुलं आधी सहलीतून गळतात, मग मित्रांच्या घोळक्यातून आणि शेवटी कधीकधी शाळेतूनच. पैशाची चणचण त्यांना छळतेच, पण ती लपवताना येणारं एकटेपण त्याहून जास्त पोखरतं.

हे एकटेपण नेमकं नववीतच का वाढतं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं छत्र ६ ते १४ वयाच्या मुलांवर, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतला दुपारचा पोषण आहारही आठवीला थांबतो. याच कायद्याखाली खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागेवर शिकलेल्या मुलापुढे नववीत पूर्ण फी उभी राहते. मित्र काय म्हणतील, हा प्रश्न जिवाला सर्वांत जास्त लागतो तोही याच वयात. आधार सुटतो तेव्हाच लाज वाढते.

आपल्या महाराष्ट्राला यावरचा उपाय ठाऊक होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. मुलांची पोटं भरावीत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. तिथे काम सगळ्यांनाच करायचं होतं, त्यामुळे कष्ट लपवायची वेळ कुणावर आली नाही. 'कमवा आणि शिका' ही त्याच मातीतली शिकवण. हा मोकळेपणा आपल्या हातून निसटतोय. तो आपणच परत आणू शकतो.

शिक्षकांनो, "फी राहिलेल्यांनी उभं राहा" हे वाक्य वर्गातून कायमचं घालवूया. थकलेल्या फीची आठवण पालकांना, एकांतात करून देऊया. आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठीच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचा अर्ज आठवीतल्या प्रत्येक पात्र मुलाकडून भरून घेऊया. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळा सुटू नये म्हणून त्यांचा आधार होतो.

पालकांनो, आपल्या मुलाचा वाढदिवस साधेपणाने करूया. वर्गातल्या कुणालाही झेपेल एवढाच. मुलाचे मित्र घरी आले, तर "बाबा काय करतात?" विचारण्याआधी ताट वाढूया.

माजी विद्यार्थ्यांनो, दरवर्षी आपण बॅचचं संमेलन भरवतो. त्यातला एका जेवणाचा खर्च शाळेच्या गरजू निधीला देऊया. सहलीची वर्गणी, बूट, परीक्षेची फी गुपचूप भरली जावी, नावाची यादी कुठेही लागू नये. आणि वह्यावाटपाचे फोटो बंद करूया. ज्या मुलाला वही देताना कॅमेऱ्याकडे बघायला लावलं, ते मूल पुन्हा हात पुढे करत नाही.

मुलांनो, तुमच्याशीही बोलायचंय. मित्र पुन्हापुन्हा "डबा विसरलो" म्हणाला, तर चौकशी करू नका, डबा त्याच्यापुढे सरकवा. त्याने काही सांगितलंच, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. आणि जो लपवतोय त्याला एवढंच सांगणं: सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. एक मित्र निवड, एक बाई किंवा एक सर निवड, आणि खरं ते सांगून बघ. घरची परिस्थिती हा तुझा गुन्हा नाही. बोलायला जवळचं कुणीच नसेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.

मुलं विश्वास टाकायला तयार असतात. आपण तो पेलतो की नाही, एवढंच ती बघत असतात. या आठवड्यात आपल्या जवळच्या शाळेत जाऊया आणि मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारूया: नववीत कुणाची काय अडचण आहे आणि नाव न विचारता आम्ही काय करू शकतो?