शीतयुद्धाची जन्मपत्रिका

शीतयुद्धाचा जन्म ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतील फुल्टन गावी चर्चिलसाहेबांच्या मुखातून झाला, असे आमच्या विद्यार्थ्यांस पढविले जाते. साम्यवादी पंडित या कथेत एवढाच फेरफार करतात की, सारे पाप आंग्ल-अमेरिकनांचे व मॉस्को सर्वथा निष्पाप! दोन्ही कथा सारख्याच भाकड आहेत. आणि हे कळण्यास फुल्टनपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही, आमचे गिरणगाव पुरे आहे.

१९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालविला आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढल्याच वर्षी, २० मार्च रोजी, डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी प्रभृतींना पकडून मीरतेस नेण्यात आले. खटला जवळजवळ चार वर्षे रेंगाळला. आरोप संपाचा नव्हता; मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संगनमत करून बादशहाचे हिंदुस्थानावरील स्वामित्व हिरावून घेण्याच्या कटाचा होता. आरोपींत तिघे इंग्रजही होते, ही गोष्ट आमचे राष्ट्रवादी लेखक सोयीस्करपणे विसरतात. सारांश, फुल्टनच्या सतरा वर्षे आधीच हे वैर सरकारी दफ्तरात चांगले वयात आले होते. त्याच्याही मागे जावयाचे तर १९१८ साली इंग्रजांनी रशियाच्या यादवीत फौजा घातल्या, आणि कास्पियन समुद्रापलीकडे बोल्शेविकांशी लढण्यास हिंदी शिपाईच पाठविले!

मग १९४१ ते १९४५ मधील सख्याचे काय? ते हिटलरच्या भयाने जुळलेले होते. कल्याणची लष्करी छावणी याच सख्याच्या काळातली. तेथील बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासित राहू लागले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. तोवर लंडन व मॉस्को यांची मैत्री केव्हाच विरून गेली होती.

या सख्यापायी दोन्ही पक्षांनी आपापली तत्त्वे किती सहज गुंडाळून ठेवली, ते पाहण्याजोगे आहे. सरकारने जुलै १९४२ मध्ये साम्यवादी पक्षावरील बंदी उठविली, आणि ऑगस्टात काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले. पक्षाच्या लेखी काल साम्राज्यवादी असलेले युद्ध आज 'लोकयुद्ध' झाले. मे १९४३ मध्ये स्टालिनने मित्रराष्ट्रांचे मन राखण्यासाठी ती आंतरराष्ट्रीय संघटनाच विसर्जित केली. मीरतेस ज्यांनी तिच्यापायी तुरुंग भोगला, त्यांस कोणी विचारले काय? अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला, त्याच्या कळकळीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. वाटेगावच्या शाहिरास व्होल्गेकाठचा कामगार आपला वाटला, हे त्याचे मोठेपण होय. पक्षाच्या धोरणाची गोष्ट निराळी.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वरील नाविकांनी बंड केले. २२ तारखेस साम्यवाद्यांच्या हाकेवरून गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांत गोळीबार झाला. त्या दिवसांत दोनशेंहून अधिक नागरिक मेले. सरदार पटेलांनी नाविकांस शरण जाण्याचा सल्ला दिला. नेमक्या त्याच २२ तारखेस मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीतून केनन यांनी वॉशिंग्टनला ती सुप्रसिद्ध दीर्घ तार पाठविली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तारेचा इतिहास पढविणाऱ्यांनी परळच्या रक्ताचा इतिहास का गाळावा?

याचे उट्टे साम्यवाद्यांनीही काढू नये. सप्टेंबर १९४७ मध्ये झ्दानॉव्ह यांनी जगाच्या दोन छावण्या पाडल्या. १९४८ च्या आरंभी कलकत्त्यास भरलेल्या अधिवेशनात रणदिवे सरचिटणीस होऊन सशस्त्र उठावाचे धोरण आले. जानेवारी १९५० मध्ये कॉमिनफॉर्मच्या पत्रातील एका अग्रलेखाने त्याच धोरणास सुरुंग लावला आणि वर्षअखेरीच्या आधीच रणदिवे पदच्युत झाले. गिरण्यांच्या दारात जे मार खाल्ले, तेलंगणात जे शेतकरी पडले, त्यांच्या लढ्याचा निवाडा झाला तो परदेशातून आलेल्या एका अग्रलेखाने.