घोकणारे नेमके कोण?

जपानी मुले घोकतात आणि अमेरिकी मुले विचार करतात, हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. त्यामुळे गणितातले जपानचे यश सरसकट पाठांतराच्या खात्यावर जमा होते. वर्गात डोकावले की हा समज टिकत नाही.

१९९० च्या दशकात असे डोकावणे खरोखर घडले. टिम्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रीकरण झाले. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९ च्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकात त्याचे विवेचन केले. जागेवर बसून काम करण्याच्या वेळेपैकी अमेरिकी मुलांचा सुमारे ९६ टक्के वेळ शिकवलेली रीत गिरवण्यात जात होता. जपानी मुलांचा अवघा ४१ टक्के. जपानी मुले जवळपास तितकाच वेळ नवी रीत शोधत होती.

त्यातला एक जपानी तास पाहावा. दोघांच्या जमिनींमधला बांध मध्येच वाकलेला आहे. कुणाचेही क्षेत्रफळ न बदलता तो सरळ करायचा. शिक्षक रीत सांगत नाहीत. एकाच पायावर, समांतर रेषांमध्ये बसणाऱ्या त्रिकोणांचे क्षेत्रफळ सारखे असते, एवढी उजळणी झालेली असते. ती इथे कामाची आहे, हे मुलांनीच हेरायचे. आधी एकेकट्याने झगडायचे, मग चर्चा, मग फळ्यावर उकल मांडायची.

जपानमध्ये 'जुकु' नावाचे खासगी क्लास आहेत, प्रवेश परीक्षांचा जाच आहे, हे खरेच. पण म्हणून शाळेतला तास घोकंपट्टीचा ठरत नाही. 'आमचा पट मोठा' ही सबबही लंगडी आहे. त्या काळी जपानी वर्गाची मर्यादा ४० मुलांची होती.

अमेरिकेत विचाराला चालना देण्याची धोरणे कमी नव्हती. आपण ती राबवतो असे तिथल्या बहुतेक शिक्षकांना मनापासून वाटत होते, चित्रफिती मात्र वेगळेच दाखवत होत्या. जपानी शिक्षक एक पाठ मिळून आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांचे काम निरखतात, मग पाठावर बोलतात आणि तो सुधारतात. खरा फरक इथे आहे.

महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. तिथे भाषणांचा वेळ कापून एका शिक्षकाने खऱ्या मुलांना एक पाठ शिकवावा, आणि बाकीच्यांनी मागे उभे राहून मुलांच्या वह्या पाहाव्यात.